बॉयकॉट, बहिष्कार आणि वाळीत : पार्नेलच्या वारशाकडे कोल्हापुरातून पाहताना

आमच्या कोल्हापुरात 'बायकाट' हा शब्द कुणाला परका वाटत नाही. पेठेतल्या तालमीची बैठक असो, संस्थेची वार्षिक सभा असो की भाऊबंदकीतले लग्न असो, 'त्यांनी बायकाट टाकलाय' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे समजते. हा शब्द म्हणजे मुळात एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. वर्गात इतिहास शिकवताना मी हे सांगितले की मुले हमखास हसत. मग एखादा विद्यार्थी विचारी, 'म्हणजे सर, वाळीत टाकणं आपण इंग्रजांकडून शिकलो का?' हसण्यावारी विचारलेला हा प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही. त्याचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे, पण तेवढ्याने तो संपत नाही. तो नीट सोडवायचा तर आयर्लंडचा पुढारी चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल याच्यापासून सुरुवात करून बेळगाव, खामगाव, माणगाव आणि जयसिंगपूर अशा वाटेने यावे लागते. प्रस्तुत लेखात तोच प्रवास करायचा आहे.

एकाच सालातली दोन मुले

आयर्लंडमध्ये १८४५ ते १८४९ या काळात बटाट्याचे पीक रोगाने गेले. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली, तितक्याच लोकांनी देश सोडला. त्या दुष्काळाच्या ऐन मध्यावर, १८४६ साली, दोन मुले जन्मली. एक विकलो परगण्यातल्या ॲव्हनडेल इथल्या जमीनदाराच्या वाड्यात, २७ जून रोजी. तो पार्नेल. दुसरा मेयो परगण्यातल्या एका कुळाच्या घरात. तो मायकेल डॅविट. डॅविट चार वर्षांचा असताना खंड थकल्यामुळे त्याच्या कुटुंबाला घराबाहेर काढले गेले. ते लोक लँकेशायरला गेले. तिथल्या कापडगिरणीत अकराव्या वर्षी यंत्रात सापडून डॅविटचा उजवा हात गेला.

पार्नेल प्रॉटेस्टंट होता, बहुसंख्य आयरिश जनता कॅथलिक. पार्नेल जमीनदार होता, जनता कुळांची. तो केंब्रिजला शिकायला गेला होता, पण पदवी न घेताच परतला. त्याची आई अमेरिकन होती, तिचे वडील अमेरिकेच्या आरमारात मोठे अधिकारी होते आणि इंग्रजांशी लढलेले होते. बोलण्यात तो अडखळे आणि लोकांत मिसळण्याची त्याला आवड नव्हती. अशा माणसाला आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी आपला राजा मानावे, याचे नवल तेव्हाही अनेकांना वाटत होते.

१८७५ साली तो मीथ परगण्यातून ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेला. तिथे आयरिश सभासदांना कुणी विचारीत नसे. ते भाषणे करत, सभागृह जांभया देई आणि ठराव पडत. जोसेफ बिगर या सहकाऱ्याबरोबर पार्नेलने वेगळाच मार्ग धरला. आयर्लंडच्या प्रश्नाला वेळ मिळत नसेल तर दुसऱ्या कुठल्याही प्रश्नाला तो मिळू द्यायचा नाही. नियमांचे एकही कलम न मोडता, प्रत्येक विधेयकाच्या प्रत्येक कलमावर बोलत राहायचे. १८८१च्या जानेवारीअखेरीस सभागृहाची एक बैठक सलग ४१ तास चालली, शेवटी अध्यक्षांनी आपल्या अधिकारात चर्चा बंद केली. चर्चा मतदानाने बंद करण्याचा नियम ब्रिटिश पार्लमेंटात आला तो या प्रकारानंतर. आज आपल्या विधिमंडळातही चर्चा बंद करण्याचा प्रस्ताव मांडला जातो, त्याच्या मागे हे आडमुठे आयरिश सभासद उभे आहेत.

याच जानेवारी महिन्यात, ४ तारखेला, पुण्यात 'केसरी'चा पहिला अंक निघाला होता. योगायोगावर फार बांधू नये हे खरे, पण लक्षात असू द्यावे, कारण हे दोन धागे पुढे एकमेकांत गुंतणार आहेत.

जमीन, खंड आणि कॅप्टन बॉयकॉट

२१ ऑक्टोबर १८७९ रोजी डब्लिनमध्ये लँड लीगची स्थापना झाली. कल्पना आणि मेहनत डॅविटची, अध्यक्ष पार्नेल. रास्त खंड, खंड भरणाऱ्या कुळाला जमिनीवर कायम राहण्याची हमी आणि कुळाला आपला हक्क विकण्याची मुभा अशा तीन मागण्या होत्या. आपल्याकडचे वर्ष पाहा. दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांची खतपत्रे जाळली. चौकशी झाली आणि १८७९ सालीच सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. जोतीराव फुल्यांचे 'शेतकऱ्याचा असूड' हे त्यानंतर चार वर्षांनी, १८८३ साली लिहून झाले. सगळ्या साम्राज्यभर शेती कर्जात बुडाली होती आणि प्रत्येक ठिकाणचा शेतकरी आपापल्या परीने हातपाय मारत होता.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस या गावच्या सभेत पार्नेलने श्रोत्यांना विचारले की, हाकललेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याचे काय करावे. गर्दीतून गोळी घालण्याच्या आरोळ्या आल्या. पार्नेल म्हणाला की याहून चांगला आणि अधिक ख्रिस्ती उपाय आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, देवळात, जिथे तो भेटेल तिथे त्याच्याशी बोलू नका, जुन्या काळी महारोग्याला जसे दूर ठेवत तसे त्याला दूर ठेवा.

काही दिवसांतच मेयो परगण्यात याचा प्रयोग झाला. लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याने कुळांवर हाकलण्याच्या नोटिसा बजावल्या. मग त्याच्या शेतावरचे मजूर निघून गेले, घरचे नोकर गेले. लोहाराने नाल ठोकायला नकार दिला, धुणे धुणारी येईना, दुकानदार माल देईना. पीक रानात उभे राहिले. शेवटी अल्स्टरमधून पन्नास प्रॉटेस्टंट मजूर आणले गेले आणि त्यांच्या रक्षणासाठी सैनिक-पोलीस मिळून सुमारे हजारभर माणसे तैनात झाली. पाचशे पौंडांचे पीक काढायला दहा हजार पौंड खर्च झाल्याचा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. एकेका सलगमाला एकेक शिलिंग पडले, अशी पार्नेलने त्यावर कोटी केली. डिसेंबर उजाडताच बॉयकॉट कुटुंब आयर्लंड सोडून गेले.

या कृतीला नाव हवे होते. 'ऑस्ट्रसिझम' हा ग्रीक वळणाचा शब्द कुळांच्या तोंडी बसणार नाही, असे एका अमेरिकन पत्रकाराला वाटत होते. तिथले पाद्री जॉन ओमॅली यांनी त्याला सुचवले की, सरळ 'बॉयकॉट करणे' म्हणा. आडनावाचे क्रियापद झाले आणि थोड्याच वर्षांत युरोपातल्या अनेक भाषांनी ते उचलले.

शब्दाआधीची कृती

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. शिरूर तालुक्यातल्या करडे गावी १८७४च्या अखेरीस एका सावकाराने हुकूमनामा मिळवून गावच्या एका देशमुखाचे घर पाडले. गाव बिथरले. सावकारांची जमीन कुणी कसेना, त्यांच्या घरी कुणी चाकरीला जाईना, न्हावी त्यांची हजामत करेना. दख्खनच्या दंग्याची ठिणगी इथेच पडली. म्हणजे मेयोच्या लोहाराने नाल ठोकायला नकार देण्याच्या सहा वर्षे आधी आपल्या भीमाकाठच्या न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवला होता. नाव आयर्लंडने दिले, कृती आपल्याकडे आधीपासून होती.

पण ती आपल्याला इतक्या सहज कशी सुचली? उत्तर सुखद नाही. आपल्या गावगाड्यात वाळीत टाकण्याची यंत्रे तयारच होती. बलुतेदारांची सेवा बंद करणे, पाणवठा तोडणे, रोटीबेटी थांबवणे, अंत्यविधीला न जाणे. पेशवाईच्या कागदपत्रांत 'ग्रामण्य' हा शब्द वारंवार येतो, तो याच प्रकारच्या जातबहिष्काराच्या वादासाठी. ही हत्यारे एरवी जात राखण्यासाठी वापरली जात. करडे गावाने ती एकदा सावकाराकडे वळवली, इतकेच.

याची झळ मोठमोठ्यांना लागलेली आहे. १८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताच्या वाटेनेच मिटले. चहाच्या पेल्यासाठी जर ही पाळी, तर विहिरीवरून हुसकावलेल्याची काय असेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

राजा पडतो तो असा

१८८१च्या ऑक्टोबरात पार्नेलला डब्लिनच्या किलमेनहॅम तुरुंगात टाकले गेले आणि १८८२च्या मे महिन्यात ग्लॅडस्टनशी समझोता होऊन तो सुटला. (त्याच वर्षी जुलैत आमच्या कोल्हापूरच्या प्रकरणापायी टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर त्यांनी लिहिले होते. ते १०१ दिवस आणि त्यावरचे आगरकरांचे पुस्तक मराठी वाचकाला परिचितच आहे.) पार्नेल आत असताना चळवळीचा भार त्याची बहीण ॲना हिच्या पुढाकाराने स्त्रियांच्या लीगने वाहिला होता. बाहेर आल्यावर पार्नेलने ती लीग मोडली. ॲना पुढे त्याच्याशी कधी बोलली नाही. चळवळ वाचवणाऱ्या स्त्रिया सत्तेची वाटाघाट सुरू होताच नकोशा होतात, हा अनुभव काही फक्त आयर्लंडचा नाही.

१८८५च्या निवडणुकीने पार्नेल कळसाला पोचला. लिबरल ३३५, कॉन्झर्व्हेटिव्ह २४९ आणि पार्नेलचे आयरिश ८६. दोन बड्या पक्षांतले अंतर नेमके ८६! शिवाय त्याच्या सभासदांनी लेखी शपथ घेतलेली होती की, पक्ष ठरवील तसेच मत देऊ, नाहीतर राजीनामा देऊ. लहान पक्षाने एकगठ्ठा राहून मोठ्यांना झुकवायचे, हे आज आपल्याला रोजचे वाटणारे राजकारण त्याने नमुना म्हणून घालून दिले. ग्लॅडस्टनने १८८६च्या एप्रिलात आयर्लंडसाठी होमरूलचे विधेयक आणले. जूनमध्ये ते ३१३ विरुद्ध ३४३ मतांनी पडले, कारण ग्लॅडस्टनचेच काही लोक फुटले.

नंतर 'टाइम्स'ने पार्नेलवर खुनांना साथ दिल्याचा आरोप करणारी पत्रे छापली. १८८९ साली ती बनावट असल्याचे चौकशीत उघड झाले आणि पार्नेल अधिकच उंचावला. पण पुढच्याच वर्षी, १८९०च्या नोव्हेंबरात, त्याच्याच पक्षातल्या एका माजी सभासदाने, कॅप्टन ओशे याने, घटस्फोटाचा दावा जिंकला आणि पार्नेलचे त्याच्या पत्नीशी, कॅथरिनशी, असलेले दीर्घकाळचे संबंध कोर्टात सिद्ध झाले. ग्लॅडस्टनने साथ सोडली, कॅथलिक धर्मगुरू विरोधात गेले. डिसेंबरात पक्ष फुटला आणि बहुसंख्य सभासद बाहेर पडले. १८९१च्या जूनमध्ये त्याने कॅथरिनशी लग्न केले. ६ ऑक्टोबर १८९१ रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. शेवटच्या वर्षात त्याच्या सभांत लोक चिखल आणि दगड फेकत. ज्याने बहिष्काराला राजकीय हत्यार बनवले, त्याच्यावरच ते उलटले.

बेळगाव, एप्रिल १९१६

पार्नेल गेला तरी त्याच्या कार्यपद्धतीकडे हिंदुस्थानचे डोळे लागलेले राहिले. दादाभाई नौरोजींना आयर्लंडच्या एखाद्या मतदारसंघातून पार्लमेंटात पाठवावे असे डॅविटला वाटत होते, पार्नेलने ते मनावर घेतले नाही. दादाभाई १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले. १८९४च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपद आल्फ्रेड वेब या आयरिश सभासदाने भूषवले. टिळक मंडालेला असताना, १९०९ साली, नरसिंह चिंतामण केळकरांनी 'आयर्लंडचा इतिहास' लिहिला. हिंदुस्थानबद्दल उघड लिहिणे जोखमीचे असताना दुसऱ्या देशाचा इतिहास लिहिणे, हे त्या काळच्या मराठी लेखकांचे एक शहाणपण होते. वाचकाला कुठे आयर्लंडऐवजी हिंदुस्थान वाचायचे ते बरोबर कळत असे.

आणि मग बेळगाव. २४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला आणि २९ तारखेला तो संपला. त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, बेळगावला प्रांतिक परिषदेच्या वेळी टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. अध्यक्ष झाले मुंबईच्या माझगावचे जोसेफ बाप्टिस्टा, चिटणीस केळकर. 'स्वराज्य' हा आपला शब्द असताना 'होमरूल' हे आयरिश नाव का घेतले? कारण हा शब्द ब्रिटिश पार्लमेंटात विधेयकाच्या मथळ्यावर झळकलेला होता, त्याला राजद्रोह म्हणणे सरकारला जड जाणार होते. सरकारने तरीही टिळकांकडून वीस हजारांचा जामीन मागितला. नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. पार्नेलने नियमांच्या चौकटीत राहून सभागृह बंद पाडले होते, टिळकांनी शब्दांच्या चौकटीत राहून खटला जिंकला. जात एकच.

अजून एक साम्य डोळ्यांत भरते. पार्नेलचा फुटलेला पक्ष पुन्हा एक व्हायला १८९० ते १९०० अशी नऊ वर्षे लागली. सुरतेला १९०७च्या डिसेंबरात फुटलेली काँग्रेस लखनौला १९१६च्या डिसेंबरात एक झाली. तीही नऊच वर्षे.

खामगावचे भाषण आणि अल्स्टरची भीती

आता कोल्हापूर. टिळकांची होमरूल चळवळ जोरात असताना, १९१७च्या डिसेंबरात, खामगावला मराठा शिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदावरून शाहू महाराजांनी या प्रश्नाला हात घातला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता : होमरूल आम्हालाही हवेच आहे, पण जातिभेद आहे तसा ठेवून ते आले तर मूठभरांचे राज्य होईल. ते टाळायचे तर निदान काही वर्षे मागासलेल्या जातींना स्वतंत्र प्रतिनिधित्व पाहिजे.

त्या वेळी महाराजांवर इंग्रजधार्जिणे म्हणून झोड उठली. आजही काही जण तेच म्हणतात. आयर्लंडचा इतिहास समोर ठेवून वाचले तर मात्र या भाषणाचा अर्थ वेगळा लागतो. आयर्लंडच्या उत्तरेतल्या अल्स्टरमधले प्रॉटेस्टंट म्हणत होते की होमरूल म्हणजे रोमचे राज्य. पार्नेलने, स्वतः प्रॉटेस्टंट असूनही, ही भीती पुरेशी गांभीर्याने घेतली नाही. इंग्रज राजकारण्यांनी ती फुंकर घालून वाढवली. परिणाम म्हणून १९२० साली कायद्यानेच आयर्लंडचे दोन तुकडे झाले आणि त्याची किंमत पुढच्या अनेक पिढ्यांनी मोजली.

ही तुलना एका मर्यादेपर्यंतच नेता येते. अल्स्टरचे प्रॉटेस्टंट हे सत्ता, जमीन आणि कारखाने हाती असलेले लोक होते, वर्चस्व जाईल अशी त्यांना भीती होती. शाहू महाराज ज्यांच्या वतीने बोलत होते त्यांच्या हाती गमवायला काहीच नव्हते. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : 'स्व' म्हणजे कोण? स्वराज्य मागणाऱ्याने ते मिळण्याआधीच आपल्याच घरातल्या घाबरलेल्या माणसाला उत्तर दिले पाहिजे. महाराजांनी नुसता प्रश्न विचारला नव्हता, आपल्या संस्थानात १९०२ सालीच पन्नास टक्के जागा राखून ठेवून स्वतःचे उत्तर देऊन ठेवले होते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांत मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखल्या गेल्या, त्यामागे या आग्रहाचा वाटा होता. १९२०च्या मार्चमध्ये आमच्या कागल भागातल्या माणगावच्या परिषदेत महाराजांनी डॉ. आंबेडकरांना पुढारी म्हणून लोकांसमोर उभे केले, हा त्याच उत्तराचा पुढचा भाग.

एका शब्दाचे दोन चेहरे

१९०५च्या वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाबरोबर 'बहिष्कार' आला. 'बॉयकॉट'ला मराठी प्रतिशब्द म्हणून हा शब्द बसवला गेला. पण तो कोरा नव्हता. शतकानुशतके तो जातीबाहेर टाकण्यासाठी वापरलेला शब्द होता. विलायती कापडाची होळी करणाऱ्या तरुणाला 'बहिष्कार' म्हणताना अभिमान वाटे. त्याच वेळी गावकुसाबाहेरच्या माणसाला तो शब्द ऐकून काय वाटत असेल? याचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' ही नावे निवडून दिले. राष्ट्राने गौरवाने मिरवलेला शब्द त्यांनी उलटा करून राष्ट्रासमोर धरला.

महाड १९२७ साली झाले. पाण्याचा, मंदिराचा, रस्त्याचा हक्क कुणी मागितला की गाव मारहाणीपेक्षा सोपा मार्ग धरते. रोजगार बंद, दुकान बंद, दळण बंद. १९३० साली गोलमेज परिषदेपुढच्या निवेदनात आंबेडकरांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली आणि १९४७ सालच्या आपल्या राज्यघटनाविषयक निवेदनात त्याची कलमवार व्याख्या दिली. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो ब्रह्मदेशातल्या १९२२च्या बॉयकॉटविरोधी कायद्याचा. मेयोच्या कॅप्टनचे आडनाव रंगूनमार्गे दलितांच्या संरक्षणाच्या मसुद्यात येऊन पोचले. पार्नेलने ज्याला दुबळ्याचे हत्यार म्हणून पुढे आणले, तेच दुबळ्यावर कसे चालते हे पाहून आंबेडकर त्याच्याविरुद्ध ढाल घडवत होते.

त्या ढालीला महाराष्ट्रात कायद्याचे रूप यायला फार उशीर लागला. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६चा, आणि तो अमलात आला ३ जुलै २०१७ रोजी. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अशी त्यात शिक्षा आहे. जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला तेव्हा तो झाला.

मग फरक कशात?

इथे एक खरी अडचण उभी राहते. जयसिंगपूर आमच्या कोल्हापूरपासून तासाभराच्या वाटेवर. संस्थानातल्या प्रजेच्या हक्कांसाठी माधवराव बागलांच्या नेतृत्वाखाली १९३९ साली प्रजा परिषद भरली ती तिथेच, आणि अलीकडे गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस परिषदही तिथेच भरते. दर ठरल्याशिवाय ऊस तोडू द्यायचा नाही, हे शेतकऱ्याचे शस्त्र म्हणजे लँड लीगचाच वंशज. ते हाती नसते तर उसाला मिळाला तो दरही मिळाला नसता. आयर्लंडमध्येही लँड लीगच्या दडपणातून १८८१चा आणि पुढे १९०३चा जमीन कायदा आला आणि कुळे मालक झाली. आपल्याकडे १९४८चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन, यांच्यामागेही संघटित कुळांचा दाब होताच. मग बहिष्कार चांगला की वाईट?

मला वाटते, प्रश्न असा विचारण्यातच घोटाळा आहे. हत्याराला पुण्य-पाप नसते, पण ते कोणत्या दिशेने चालते हे पाहता येते. त्यासाठी तीन कसोट्या लावून पाहाव्यात. पहिली : ज्याच्यावर बहिष्कार आहे, त्याच्यापाशी बहिष्कार घालणाऱ्यांहून अधिक बळ आहे काय? बॉयकॉटच्या मागे हजार शिपाई उभे राहिले, वाळीत पडलेल्या कुटुंबामागे बहुधा गावचा पाटीलही उभा राहत नाही. दुसरी : त्याने काय केले म्हणजे बहिष्कार उठेल? कॅप्टनने नोटिसा मागे घेतल्या असत्या तर नाल ठोकले गेले असते. कारखान्याने दर दिला की कोयता चालतो. पण आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीने काय मागे घ्यायचे? जन्म आणि प्रेम ही मागे घेण्याजोगी गोष्ट नव्हे. तिसरी : बहिष्कार व्यवहारावर आहे की माणूसपणावर? ऊस न देणे हा व्यवहार. पाणी न देणे, मयताला खांदा न देणे, हा माणूसपणाचा नकार.

या कसोट्यांवर खुद्द पार्नेलही पूर्ण उतरत नाही. एनिसच्या भाषणात त्याने महारोग्याची उपमा दिली. शब्दाच्या जन्माच्या वेळीच जुन्या क्रौर्याचा डाग त्याला लागलेला होता. शिवाय ते भाषण बॉयकॉटसारख्या कारभाऱ्यांपेक्षा अधिक, हाकललेल्याची जमीन घेणाऱ्या दुसऱ्या गरजू कुळाविरुद्ध होते. पहिला वार आपल्यातल्याच फुटीर दुबळ्यावर पडतो, हे प्रत्येक संपात आणि प्रत्येक आंदोलनात दिसते. आंदोलनाच्या नेत्याने रात्री झोपण्यापूर्वी त्या माणसाचा विचार केला पाहिजे.

डब्लिनच्या मुख्य रस्त्यावर १९११ साली उभारलेले पार्नेलचे स्मारक आजही आहे. आपल्याकडे त्याचे स्मारक नाही, आणि त्याची गरजही नाही. सभागृह अडवून धरणारा आमदार, आठ-दहा सभासदांच्या बळावर सरकार हलवणारा पक्ष, दर मिळेपर्यंत फडाला कोयता लागू न देणारा शेतकरी, हे सारे त्याला न ओळखता त्याच्या वाटेने जातात. मात्र त्याचा वारसा सांगताना महारोग्याच्या त्या उपमेकडे काणाडोळा करून चालणार नाही. 'वाळीत टाकणं आपण इंग्रजांकडून शिकलो का' असे विचारणाऱ्या मुलाला आता मी एवढेच सांगेन की, ते आपण कुणाकडून शिकलो नाही. ते विसरायला कुणाकडून शिकावे, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे, आणि त्याचे धडे खामगाव, माणगाव आणि महाड इथे आपल्याच माणसांनी देऊन ठेवले आहेत.